फांदीवरचा प्रत्यय

दादा सांगलीहून आला तेव्हा त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत हळद आणि बेदाणे, दुसरीत एक लांबट चोपडी. चोपडी बारा वर्षांपूर्वीची, थोरल्या मुलीच्या लग्नातली. आता धाकटीचं लग्न मार्गशीर्षात, पुण्यात. म्हणून जुनीच यादी काढून, नुसते दर बदलून तो निघाला होता.

माझी लेक राज्यसेवेची तयारी करते. तिच्या खोलीच्या भिंतीवर मोठे कोरे कागद चिकटवलेले असतात. मधोमध एक शब्द आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या रंगीत फांद्या. परवा त्यांत एका कागदाची भर पडली होती आणि त्याच्या मध्यावर लिहिलं होतं, ‘ताईचं लग्न’. दादा आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला. तो हात मागे बांधून भिंतीसमोर उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की आज जेवायला उशीर होणार. मेथी निवडता निवडता जे कानावर पडलं ते असं.

मामा : हे काय गं? कोळ्यानं जाळं विणलंय का?

भाची : माइंड मॅप, मामा. मनाचा नकाशा म्हणा हवं तर.

मामा : गोल रंगवायची परीक्षा गेली म्हणून मध्यंतरी हळहळत होतीस. आता स्वतःच गोल काढत बसलीस?

भाची : ती परीक्षा गेली म्हणूनच हे आलं. मुख्य परीक्षेत आधी चार पर्याय समोर असायचे, त्यांतला एक ओळखायचा. आता वर्णनात्मक झाली. कोऱ्या पानावर अख्खा विषय आपण उभा करायचा. वहीत पान उलटलं की मागचं डोळ्यांआड जातं. इथे सगळं प्रकरण एका नजरेत येतं.

मामा : काढायचे काही नियम असतील ना? की हात जाईल तिकडे फांदी?

भाची : आहेत ना. टोनी ब्यूझान नावाचा इंग्रज लेखक होता, २०१९ साली वारला. त्यानं १९७४ मध्ये बीबीसीवर ‘यूज युवर हेड’ ही मालिका केली, तिथून हे जगभर पसरलं. कागद आडवा धरायचा. मधोमध चित्र. निदान तीन रंग. फांद्या वळणदार, मध्याशी जाड आणि टोकाकडे बारीक. आणि एका फांदीवर एकच शब्द.

मामा : एकच? वाक्य का नको?

भाची : सुट्ट्या शब्दाला पुढे कितीही फुटवे फुटतात. वाक्य लिहिलं की विचार तिथेच मिटतो, असं त्याचं म्हणणं.

मामा : घ्या! मी जन्मभर पोरांच्या मागे लागलो, ‘बाळांनो, वाक्य पूर्ण करा.’ आणि हा गृहस्थ म्हणतो, वाक्य पूर्ण केलं की विचार मेला!

भाची : मामा, पण डोकं सरळ रेषेत चालतं का? तुम्हीच बघा. आल्या आल्या एसटीला गर्दी किती होती ते सांगायला लागलात. तिथून शेजारी बसलेल्या पाहुण्यावर गेलात, पाहुण्यावरून उसाच्या दरावर, दरावरून कारखान्याच्या निवडणुकीवर. तुमचं सगळं बोलणंच फांद्यांचं असतं.

मामा : बोलणं तसं असतं म्हणून तर लिहायला शिकवावं लागतं.

भाची : आणि हे काही साहेबानं नव्यानं शोधलेलं नाही. कुलवृत्तांतात वंशवृक्ष असतोच की आपल्याकडे. दासबोध घ्या. २० दशक, दर दशकात १० समास, एकूण २०० समास. बुंधा, फांद्या, डहाळ्या. कागदावर काढून दाखवू?

मामा : रचना फांद्यांची असेल, पण समर्थांनी सांगितला तो ओव्यांत. दशकांची नावं पाठ असणाऱ्याला दासबोध कळला असं कुणी म्हणत नाही. कुलवृत्तांताचंही तेच. झाडावर नुसतं नाव असतं. तो माणूस गाव सोडून का गेला, हे पुढच्या पानावरच्या हकिकतीत सापडतं. बरं, मला ही फांदी वाचून दाखव. हिरवी.

भाची : दुष्काळ. १९७२. रोहयो. पागे. १९७७.

मामा : वाचलंस. आता सांग. ‘दुष्काळ’ आणि ‘रोहयो’ यांच्यामधली ही हिरवी रेघ काय म्हणते?

भाची : म्हणजे... दुष्काळ पडला म्हणून रोजगार हमी योजना आली.

मामा : असं रेघ म्हणते की तू म्हणतेस? वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांनी आपल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात केला. साल १९६५. म्हणजे दुष्काळाच्या सात वर्षं आधी. योजना १९७२ ची, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कल्पना दुष्काळाच्या पोटी जन्मली नाही. ती आधीच जन्मली होती, दुष्काळानं ती सगळ्यांना पटवली. तुझ्या रेघेतून दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही अर्थ निघणाऱ्या उत्तराला परीक्षक गुण देत नाही.

भाची : पण सालं तर सगळी आहेत की माझ्याकडे.

मामा : सालं आहेत, नावं आहेत. क्रियापद कुठे आहे? तुझ्या सबंध भिंतीवर एक क्रियापद दाखव. सगळी नामं रांगेत उभी केलीस, पण कुणी कुणाचं काय केलं, ते कुणीच सांगत नाही. आणि इंग्रजीत हे एक वेळ निभेल, मराठीत निभत नाही. ‘दुष्काळ’ हा शब्द आपण नुसता कधी वापरतो? दुष्काळात, दुष्काळानं, दुष्काळाआधी, दुष्काळामुळे, दुष्काळासाठी. इंग्रजीतलं नातं शब्दाच्या पुढे सुटं उभं असतं, आपलं नातं शब्दाच्या शेपटीत असतं. तू शेपट्या छाटून नुसते शब्द टांगलेस.

भाची : मग शेपटीसकट टांगते. ‘दुष्काळामुळे’ हा एकच शब्द झाला ना? ब्यूझानचा नियम मोडला नाही आणि तुमचं नातंही आलं. इंग्रजीत ह्याला चार शब्द लागले असते. म्हणजे हा नकाशा मराठीतच जास्त चांगला काढता येईल, प्रत्यय लावून.

मामा : ‘मुळे’ हा प्रत्यय नव्हे. शब्दयोगी अव्यय.

भाची : मामा!

मामा : बरं बाई, राहिलं. मुद्दा बिनतोड आहे. मला सुचला नव्हता.

(मी आतून बघितलं. लेकीनं खरंच पेन घेतलं होतं. बाहेरच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तेवढा वेळ दोघं गप्प होती.)

भाची : ह्याच जातीचा दुसरा एक नकाशा असतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक होते. शाळेतल्या मुलांना विज्ञान कितपत समजतं, ते वर्षानुवर्षं तपासताना त्यांच्या गटानं १९७२ मध्ये तो तयार केला. त्यात रेघेवरसुद्धा लिहायचं असतं. ‘ह्यामुळे होतं’, ‘ह्याचा भाग आहे’, असं. म्हणजे दोन शब्द आणि मधली रेघ मिळून वाक्यच होतं.

मामा : म्हणजे नोव्हाकसाहेब माझ्या बाजूचे.

भाची : नकाशा तर तेही काढतात! आणि डार्विनचं काय? त्याच्या १८३७ च्या टिपणवहीत झाडाचं एक वेडंवाकडं चित्र आहे. एका जिवातून दुसरे जीव कसे फुटले, ते नुसत्या रेघांनी दाखवलेलं. उत्क्रांतीचा सगळा विचार तिथे एका पानावर आहे. वाक्यं नंतर आली.

मामा : त्या चित्राच्या वर काय लिहिलंय?

भाची : इंग्रजीत दोनच शब्द आहेत.

मामा : मी विज्ञानाच्या पुस्तकात बघितलंय ते पान. त्या दोनांतला एक शब्द क्रियापद आहे! त्याला काय वाटतंय ते त्यानं आधी लिहिलं आणि मग फांद्या काढल्या. आणि पुस्तक कधी आलं? १८५९ मध्ये. नकाशा एका बैठकीत झाला असेल, पण त्याची वाट व्हायला बावीस वर्षं लागली. तुझी मुख्य परीक्षा बावीस आठवड्यांवर आहे का बघ.

भाची : त्या पुस्तकात चित्र एकच आहे, माहितीय? आणि तेही फांद्या फुटलेल्या झाडाचंच. बावीस वर्षं वाक्यं लिहूनही ते झाड त्याला टाकवलं नाही.

मामा : हं. हा गुण तुझा.

भाची : एक कबूल करते, मामा. नकाशा काढला की डोक्यात बसला असं वाटतं, ते काही खरं नाही. २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात कार्पिक आणि ब्लंट यांचा एक प्रयोग आला होता. काही विद्यार्थ्यांनी धडा समोर ठेवून नकाशा काढला. दुसऱ्यांनी धडा वाचला, मिटला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. मग पुन्हा वाचला, पुन्हा मिटला, पुन्हा लिहिलं. आठवड्यानं चाचणी घेतली तर मिटून लिहिणारे पुढे होते. चाचणीत नकाशाच काढायला सांगितला, तरीही तेच पुढे.

मामा : आमच्या वेळी ह्याला ‘पुस्तक मिटा आणि सांगा’ म्हणायचे. त्याला अमेरिकेत प्रयोग करावा लागला होय?

भाची : पुढचं ऐका तरी. २०१४ मध्ये त्याच दोघांनी न बघता, आठवून नकाशा काढायला लावला. तेव्हा तो परिच्छेद लिहिण्याच्या तोडीस तोड ठरला. म्हणजे दोष फांद्यांचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता.

मामा : मग तुझं पुस्तक कुठे असतं काढताना?

भाची : ...उघडंच असतं. रंग छान जमतात ना मग.

मामा : शाळेतही हेच झालंय. आता प्रत्येक पुस्तकात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असतं. कुणीतरी आधीच गोल काढून ठेवलेले. पोर धड्यात बोट घालून चार शब्द शोधतं आणि गोलात भरतं. विचार केला तो गोल काढणाऱ्यानं. पोरानं भरली ती नुसती कोडी. आणि तुमच्या त्या अप्पा बळवंत चौकात म्हणे तयार नकाशेही विकत मिळतात.

भाची : मिळतात. रंगीत छापून, लॅमिनेशन करून. मी घेतला होता एक. आठवडाभर भिंतीवर होता, पण दुसऱ्याच्या स्वप्नासारखा वाटायचा. त्यानं ‘जलसंधारण’च्या शेजारी ‘राजकारण’ का लिहिलंय, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मामा : कारण वाक्य त्याच्या डोक्यात होतं. तुला मिळाला नुसता शब्द. आता माझं बघ. ‘मिलो’ म्हटलं की मला दुसरं काही लागत नाही. रेशनवर अमेरिकेतली ती तांबडी ज्वारी यायची. भाकरी थापताना तुटायची. ‘सुकडी’ म्हटलं की कामावरच्या पोरांची रांग दिसते. मी दहा वर्षांचा होतो. आई जतच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, हा आकडा मी पुढे पुस्तकात वाचला. पण आम्हाला त्यातलं एकच माणूस माहीत होतं. संध्याकाळी तिचे हात बघितले की आम्ही भाकरी मागायचो नाही. माझ्या नकाशावर एकच शब्द पुरतो. वाक्य ज्याच्याजवळ आहे त्याला एक शब्द पुरतो, बाळ. ज्याच्याजवळ नाही, त्याला शंभर शब्दांच्या फांद्या पुरणार नाहीत.

(ही गोष्ट मी दादाच्या तोंडून कधी एवढी सलग ऐकली नव्हती. मी तेव्हा चार वर्षांची. मला त्या सालातली आठवते ती सुकडीची चव. गोड होती. इतकंच.)

भाची : म्हणजे आधी वाक्य कमवायचं, मग ते एका शब्दात मिटून ठेवायचं. आणि उत्तर लिहिताना पुन्हा उघडायचं.

मामा : असं बोललीस तर तुझ्या ह्या जाळ्याला माझी हरकत नाही. पण लग्नात हे चालायचं नाही. तिथे आमची यादीच. उगाच नाही म्हणत ‘यादी पे शादी’. बैठकीत यादी झाली, दोन्हीकडच्यांनी मान्य केली, लग्न ठरलं. तुझ्या नकाशावर व्याह्यांची सही घेणार कुठल्या फांदीवर?

भाची : वाचा तरी आधी. मधे ‘ताईचं लग्न’. फांद्या सहा. विधी, जेवण, कार्यालय, कपडे, पाहुणे, पैसे. विधीमध्ये मुहूर्त, गुरुजी, देवक, हळद. जेवणात केळवण, सीमांतपूजन, मुख्य पंगत.

मामा : ह्यात पहिलं कोणतं?

भाची : पहिलं म्हणजे?

मामा : उद्या सकाळी उठून मी काय करू? तुझ्या झाडात डावीकडे पत्रिका लोंबतेय आणि उजवीकडे कार्यालय. पण कार्यालय ठरल्याशिवाय पत्रिका छापता येत नाही. मुहूर्ताशिवाय कार्यालयाची तारीख धरता येत नाही. पानं किती हे ठरल्याशिवाय आचारी सामानाची यादी देत नाही. बस्ता आधी बांधला नाही तर शिंपी दिवस देत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवणारी एकही फांदी नाही तुझ्याकडे. झाडाला घड्याळ नसतं, पोरी. कामाला असतं.

भाची : हे खरं आहे. नकाशा ‘काय काय’ सांगतो, ‘केव्हा’ सांगत नाही. मग एवढंच करते. प्रत्येक फांदीच्या टोकाला आकडा आणि तारीख. मुहूर्त एक, कार्यालय दोन, पत्रिका तीन...

मामा : म्हणजे यादीच झाली की!

भाची : झाली. पण तिथपर्यंत नकाशावरून आले. आता तुमची चोपडी उघडा. ह्या ‘पाहुणे’ फांदीकडे बघा. मी ‘मुक्काम’ लिहिलं, ‘आहेर’ लिहिलं. त्याच्या शेजारी ‘प्रवास’ लिहिलं आणि पुढे काहीच सुचेना. फांदी तशीच बोडकी राहिली. तुमच्या यादीत गावच्या मंडळींच्या गाडीचं काय आहे?

मामा : यादीत... (पानं उलटतो) गाडी नाही.

भाची : असणारच नाही. थोरल्या ताईचं लग्न सांगलीत झालं होतं. गावची माणसं सकाळच्या एसटीनं आली आणि रात्री घरी गेली. आता लग्न पुण्यात आहे. येतानाचं सोडा, परतीचं काय? रात्री जेवणं उरकल्यावर म्हाताऱ्या माणसांनी स्वारगेटला जायचं का? तुम्ही जुन्या यादीचे दर बदलले, पण जुन्या यादीत जे नव्हतं ते नव्या यादीत येणार कुठून? यादीत सुटलेलं दिसत नाही, मामा. तिथे ओळीखाली ओळ येते आणि सगळं भरल्यासारखं वाटतं. झाडावर बोडकी फांदी लगेच दिसते.

(दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शाळेत इन्स्पेक्शनच्या दिवशी तो असंच करायचा, असं वहिनी सांगते.)

मामा : दोन गाड्या लागतील. जतहून एक, सांगलीतून एक.

भाची : आणि पहाटे निघणाऱ्यांचा चहा?

मामा : लिही. ‘प्रवासात’, सप्तमीत लिही. त्याच्या पुढे ‘चहा’.

भाची : प्रत्यय लावून?

मामा : हा मात्र प्रत्ययच आहे.

जेवायला खरंच उशीर झाला. जेवणानंतर दादानं भिंतीवरचा दुष्काळाचा कागद काढून उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर, न बघता, तेच प्रकरण तिला पुन्हा काढायला लावलं. पहिल्या खेपेला तीन फांद्या आल्याच नाहीत. कायदा लागू झाल्याचं वर्ष चुकलं. व्यवसाय कराचा पैसा योजनेला मिळतो, ही डहाळी तर साफ गळाली. दुसऱ्या खेपेला दोन फांद्या परत आल्या. ह्या कागदावर रंग एकच होता, निळा, आणि वळणं वाकडी होती. पण ती उभी राहून रेघांवर बोट ठेवत बोलायला लागली, तेव्हा सलग दहा मिनिटं थांबली नाही. दादानं मधे दोनदा क्रियापद दुरुस्त केलं, तेवढंच.

तो सकाळच्या गाडीनं गेला. जाताना चोपडीत लग्नाचा नकाशा घडी घालून ठेवला होता. त्यावर आकडे होते आणि तारखाही.

नंतर मी खोली झाडायला गेले तेव्हा निळा कागद भिंतीवर होता. ‘दुष्काळामुळे’ हा शब्द खोडून तिनं तिथे ‘दुष्काळाआधी’ असं लिहिलं होतं, आणि तिथून बाण तासगावकडे गेला होता. त्याच्या खाली, जिथे कागदाची कड संपते तिथे, पेन्सिलनं एक बारीक डहाळी काढली होती. तिच्यावर एका शब्दाचा नियम सपशेल मोडलेला होता. लिहिलं होतं, ‘आई जतच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची.’

अक्षर दादाचं होतं. शेवटी पूर्णविरामही होता.